पाऊण टाकी

८ जून

डबा वावरात पोचला. अकोल्याहून वलगावच्या फाट्यापर्यंत भाड्याच्या जीपमागे आणि फाट्यापासून पुढे जानरावच्या ट्रॅक्टरमागे. पावसाच्या आत आणला ते बरं केलं, असं जानराव म्हणाला. काळी माती एकदा भिजली की ट्रॅक्टर तर सोडाच, बकरीसुद्धा रुतते म्हणे.

डबा म्हणजे आमचा ट्रेलर. गाडीच्या मागे जोडायची दोन चाकांची खोली. आत झोपायला दोन बाकं, शेगडी, एवढंसं बेसिन, आणि उभं राहिलं तर कोपर भिंतीला लागेल असा संडास. मी वकिली बंद केली त्या महिन्यात शकुनने तो नागपूरच्या एका हौशी माणसाकडून घ्यायला लावला. दोन वर्षांत अकरा सहली झाल्या. आता कुठे जायचं नाही. जीप विकली. अकोल्याचं घर भाड्याने दिलं. डब्याच्या चाकांना दगड लावून खाली टेकू बसवले की कायमचा मुक्काम.

वावरही शकुनचंच. तिचे वडील वलगावच्या शाळेत हेडमास्तर होते, त्यांनी तिच्या नावे केलेलं दोन एकर. जानराव बटाईने करतो.

अश्लेषाचा पुण्याहून फोन. लेकीचं म्हणणं, बाबा, हा वेडेपणा आहे. मी म्हटलं, असेल. शेवटी तडजोड झाली. दिवाळीपर्यंत डब्याला पक्का संडास, म्हणजे घाण नीट कुठेतरी जाईल अशी सोय झाली पाहिजे. नाही झाली तर मी मुकाट्याने पुण्याला. तिच्या चौदाव्या मजल्यावर मला एक खोली आहे, तिला खिडकी आहे, खिडकीतून दुसरी बिल्डिंग दिसते.

माहितीसाठी लिहून ठेवतो. डब्याच्या पोटात दोन टाक्या. संडासाची काळी, बेसिन-अंघोळीची साबणाची. प्रत्येकीला चार दिवे: पाव, अर्धी, पाऊण, भरली. काळी सध्या पाऊण दाखवते. लोणारहून ४ फेब्रुवारीला परतलो. पुढच्या रविवारी रिकामी करू असं ठरलं होतं. शुक्रवारी शकुन ओट्यापाशी पडली आणि त्याच रविवारी गेली. टाकी राहिली.

९ जून

सकाळी टमरेल घेऊन बांधापलीकडे गेलो. चाळीस वर्षं दिवाणी कोर्टात काळा कोट घालून उभा राहिलेला माणूस. काही वाटलं नाही. हल्ली वाटत नाही काही.

डब्यातला संडास मी वापरत नाही, बेसिनही नाही; अंघोळ वावरातल्या विहिरीवर. तिथे आरशाखाली शकुनची चिठ्ठी चिकटवलेली आहे:

१. कागद टाकू नये.
२. टाकी भरल्याशिवाय वाल्व्ह उघडू नये.
३. आधी काळी, मग साबणाची.
— हुकमावरून

'हुकमावरून' हे मला चिडवायला. पण नियम बरोबर आहेत. टाकी अर्धवट असताना वाल्व्ह उघडला की पाणी तेवढं निघून जातं आणि घट्ट ते तळाशी बसून राहतं, मग दगड होतो त्याचा. आणि साबणाचं पाणी शेवटी सोडलं म्हणजे नळी धुऊन निघते. अकोल्यात आम्ही पहाटे पाच वाजता सोसायटीच्या चेंबरमध्ये नळी घालायचो. मी वाल्व्ह ओढायचो, ती पदर नाकाला लावून पहारा करायची. एकदा सेक्रेटरी फिरायला निघाला तर तिने त्याला दहा मिनिटं मुलीच्या लग्नाबद्दल विचारत उभं केलं. त्याला मुलगी नव्हती, दोन मुलगे होते.

भांड्यातल्या झडपेचं रबर सुकू नये म्हणून मी रोज वाटीभर पाणी तेवढं घालतो. एवढंच.

१६ जून

पर्यायांचा विचार केला. बाजू मांडून बघतो.

खोक्याचा संडास मिळतो, खालचं खोकं भरलं की हातात धरून न्यायचं आणि ओतायचं. ओतायचं कुठे हा प्रश्न राहतोच, आणि माझे गुडघे राहतात. नामंजूर. दुसरं, राखेचा कोरडा संडास. वर राख, भुसा टाकत जायचं, वर्षाने खत. जानराव म्हणाला, "खत चांगलं होते साहेब, पन तुमच्या हातानं होनार नाई." खरं आहे. शोषखड्डा स्वस्त, पण ही माती पाणी पीत नाही. रेल्वेच्या डब्याखाली असते तशी जिवाणूंची टाकी, ती करणारा माणूस अमरावतीत मिळेना. राहिली सेप्टिक टाकी. ती भरली की उपसणारी गाडी यायला रस्ता हवा, पावसाळ्यात रस्ता नाही.

सगळ्यांत काही ना काही खोट आहे. घाईने निर्णय नको. पुढची तारीख.

२ जुलै

आज मनकर्णाने झापलं. मनकर्णा म्हणजे जानरावची बायको. शकुन आणि ती शाळेत एका बाकावर होत्या. त्यामुळे जानराव मला वकीलसाहेब म्हणतो आणि ती जवाईबुवा. गावाच्या लेकीचा नवरा म्हणजे अख्ख्या गावाचा जावई, हा इथला कायदा. त्यात अपील नाही.

भाकरी घेऊन आली ती कमरेवर हात ठेवूनच उभी राहिली.

"जवाईबुवा, तुमी सकायी टमरेल घेऊन बांधावर जाता?"

"पहाटे जातो. कोणी नसतं."

"सारं गाव पाह्यते! काल शाळेतल्या मास्तरीनबाईनं मले विचारलं, शकुनताईचे मालक उघड्यावर जाते काय? मी तं मेल्यावानी झाली. लेक गेली आमची, अन् तिचा नवरा वावरात बसून राहिला. गावाची काय इज्जत राह्यली?"

मी म्हटलं, पर्यायांचा विचार चालू आहे.

"कायचा इचार? खड्डा खनाले इचार लागते काय?" मग जानरावकडे वळून, "उद्यापासून खना."

"पिकाची डवरनी राह्यली ना माही," जानराव म्हणाला.

"डवरनी पळून जात नाई. इज्जत जाते."

तर असा माझा संडास गावाने आपल्या अंगावर घेतला.

९ जुलै

खड्डा बारा फूट झाला. काळीच माती. मुरूम लागला तर पाणी झिरपेल अशी जानरावला आशा होती. "इथं तं पातालापर्यंत काळीच हाये बावा," म्हणाला. तेवढ्यात पाऊस आला आणि खड्डा भरला. चार दिवस झाले, पाण्याची रेघ बोटभरसुद्धा खाली गेलेली नाही.

मी रोज जाऊन बघतो. जानरावला वाटतं मला वाईट वाटतंय. मला वाईट वाटत नाही. खरं लिहायचं तर जरा सुटल्यासारखं वाटलं.

२१ जुलै

पाऊस. विशेष नाही.

१४ ऑगस्ट

अमरावतीहून ओमप्रकाश नावाचा प्लंबर आला. फाट्यावर मोटारसायकल ठेवून पँट गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलातून आला. माणूस हुशार आहे. त्याची योजना अशी. प्लास्टिकची तयार सेप्टिक टाकी पुरायची. पुरताना ती पाण्याने भरून ठेवायची, नाहीतर ही माती फुगली की रिकामी टाकी भाजीतल्या वाटाण्यासारखी वर फेकली जाते. टाकीतून बाहेर येणारं पाणी जमिनीत जाणार नाही, म्हणून जमिनीच्या वर रेती-गिट्टीचा ओटा बांधायचा आणि त्यात कर्दळ लावायची. कर्दळ ते पाणी पिते. डबा मात्र फूटभर आणखी उचलायला हवा, नाहीतर उतार मिळत नाही.

मला एकही खोट काढता आली नाही. बराच वेळ प्रयत्न केला.

मग तो डब्याखाली वाकला. "साहेब, पह्यले टाकी खाली करून घेऊ. मंग नळी जोडतो."

मी म्हटलं, "वाल्व्ह जाम आहे."

"पाहू द्या."

"मी पाहिलं आहे. जाम आहे. तुम्ही बाकीचं करा."

वाल्व्ह जाम आहे. वापर नसला की होतो.

३ सप्टेंबर

काल पोळा झाला. जानरावकडे बैल एकच जोडी उरली आहे, ती सजवून डब्याला एक चक्कर मारून नेली. ट्रॅक्टरलाही हार घातला होता.

मनकर्णा पुरणपोळ्या घेऊन आली. दारातच थांबली. नाक मुरडलं.

"काय वास येऊन राहिला हो?"

मी म्हटलं, उंदीर मेला असेल कुठेतरी.

"हा उंदराचा वास नाई." तिने आत डोकं घालून संडासाच्या दाराकडे पाहिलं. "इथून येते."

मी पुरणपोळ्यांचं ताट तिच्या हातातून घेतलं आणि जरा मोठ्याने आभार मानले. ती गेली. वास येतो खरा. मला आता सवय झाली आहे, त्यामुळे किती येतो ते सांगता येत नाही. सगळ्या खिडक्या उघडून झोपतो. डास चावतात.

पोळ्या चांगल्या होत्या. दोन खाल्ल्या. जायफळ जास्त होतं.

१९ सप्टेंबर

टाकी पुरली, ओटा बांधला, डबा फूटभर उचलला. मनकर्णाने तिच्या परसातली कर्दळ आणून लावली, लाल आणि पिवळी. ओमप्रकाशने डब्यापासून टाकीपर्यंत कडक पाइप टाकला, फुटाला पाव इंच उतार देऊन, पाणसळ लावून. सगळं तयार. फक्त डब्याचा वाल्व्ह. "तो पुढच्या खेपेले खोलून पाहू," असं तो म्हणाला. मी म्हटलं, सवडीने.

अश्लेषाला फोटो पाठवले. तिने विचारलं, "म्हणजे तुम्ही आतलं वापरायला लागलात?" मी म्हटलं, तांत्रिक बाब राहिली आहे. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही ठीक आहात ना?" मी म्हटलं, हो, वजनसुद्धा वाढलं आहे.

वजन केलेलं नाही.

८ ऑक्टोबर

पाऊस गेला आणि ऊन असं पडलं की आठ दिवसांत जमीन फाटली. भेगेत माझी काठी मुठीपर्यंत जाते. डबा एका अंगाला बोटभर कलला आणि ओमप्रकाशचा कडक पाइप सांध्याला कट्कन तुटला. नागपूर-पुण्याकडच्या पुस्तकातला उतार या मातीला माहीत नाही. पावसात ती फुगते, उन्हात आक्रसते, आणि वर जे काही ठेवलं असेल ते हलवते. जानराव म्हणाला, "इथं भिंतीले भेग नाई असं घर नाई साहेब. पाइप कसा टिकन?" ही गोष्ट तुटायच्या आधी का नाही सांगितली असं विचारलं, तर म्हणाला, "तुमी इचारलं नाई."

मी खूश होतो. लिहून ठेवायला लाज वाटते, पण होतो. आणखी महिनाभर तरी गेला असं वाटलं. ओमप्रकाश मात्र दुपारीच हजर. चूक आपली म्हणाला, आता सांध्याला लवचीक रबरी नळी घालतो, माती हलली तर नळी हलेल. आणि तोवर बसल्या बसल्या त्याने डब्याखाली हात घालून वाल्व्हची मूठ धरली.

"साहेब, हा तं फिरून राहिला! एका बोटानं!"

मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. "हात काढ" असं काहीतरी असावं, कारण त्याने हात असा काढला की कोपर डब्याच्या पत्र्याला लागून सोललं. मी कधी कोर्टातसुद्धा आवाज चढवला नव्हता. मनकर्णा कर्दळीला पाणी घालत होती. ती बादली हातात धरून तशीच उभी राहिली.

मी ओमप्रकाशची माफी मागितली. त्याला आयोडीन लावलं. तो म्हणाला, "काही नाई साहेब, होते." नळी घेऊन वीस तारखेला येतो म्हणाला.

वाल्व्ह जाम नव्हता. मी तो कधी ओढून पाहिलेलाच नाही. १४ ऑगस्टची नोंद खोटी आहे. खोडत नाही, राहू दे.

१२ ऑक्टोबर

दसरा. संध्याकाळी मनकर्णा सोनं द्यायला आली. आपट्याची पानं हातात ठेवली, मी तिच्या हातात ठेवली. मग ती आपल्या घरी निघायच्या ऐवजी डब्याच्या पायरीवर बसली.

"वाल जाम नोता, जवाईबुवा."

"नव्हता."

"मंग?"

साक्षीदाराला मी हा प्रश्न हजारदा विचारला आहे. मग? नुसतं 'मग' म्हणून गप्प राहायचं, समोरचा आपोआप बोलतो. मी बोललो.

"त्यात लोणारचं आहे."

तिला कळायला वेळ लागला. "शकीचं?"

"दोघांचं. चार दिवसांचं."

मला वाटलं ती हसेल. हसण्यासारखंच आहे. मी स्वतः पक्षकाराकडून असलं काही ऐकलं असतं तर टेबलाखाली बघितलं असतं. ती हसली नाही. पानं पदरात बांधत राहिली.

"लहानपनी आमी दोघी संगंच जावो, नाल्याकडं," ती म्हणाली. "तवा कोनाच्या घरी संडास होते? शकीले लय भेव वाटे सापाचं. एक बसे अन् दुसरी तिचा हात धरून उभी राहे. मी सोडला का ते रडे. सोडू नको मनू, सोडू नको, एकच." मग जरा वेळाने, "अस्थी तुमी कौंडण्यपूरले सोडल्या ना?"

"सोडल्या."

"तवा रडले काय?"

"नाही."

खरंच नाही. गुरुजींनी सांगितलं तसं केलं. पाणी गार होतं. परतताना कुऱ्ह्याला चहा घेतला, त्यात साखर कमी होती. त्या दिवसाचं मला एवढंच आठवतं. सगळे म्हणाले, कमलाकांतराव खंबीर आहेत.

"बाईची हाडं सोडून देल्ली, अन् हे धरून बसले," मनकर्णा म्हणाली. "कावून?"

कोर्टात या 'का'ला निदान मुदत तरी मागितली असती. इथे पायरीवर तिच्या शेजारी जाऊन बसलो. दुसऱ्या वावरात कोणी तरी फटाका लावला.

उठताना ती म्हणाली, "तिले वास सहन होत नोता, जवाईबुवा. जराक घान वास आला का पदर नाकाले. तुमी तिच्याच घराचा असा वास करून ठेवला."

ती गेल्यावर मी आत गेलो आणि पहिल्यांदा तो वास मला आला.

१३ ऑक्टोबर

काल जे बोललो ते नीट नव्हतं, म्हणून इथे नीट लिहितो. अस्थी काय, सगळ्यांच्या सारख्याच असतात. मडक्यात लाल फडक्याने बांधून दिल्या, मी घेतल्या. त्या तिच्याच असतील, पण तिच्यासारखं त्यात काही नव्हतं. टाकीतलं मात्र ती जिवंत असतानाचं आहे. त्या चार दिवसांत तिने लोणारच्या खानावळीतली वांग्याची भाजी खाल्ली, तिखट म्हणून नावं ठेवली, पेरू खाल्ले, माझ्या वाटणीचेसुद्धा. ते सोडलं की तिचं जिवंतपणीचं असं काही कुठे उरत नाही. साड्या आहेत, पण साड्या दुकानातल्या.

लिहून झालं. वाचल्यावर वेड्याचं वाटतं. तरी तसंच आहे.

१५ ऑक्टोबर

कायदेशीर अडचण. नियम दोन: टाकी भरल्याशिवाय वाल्व्ह उघडू नये. टाकी पाऊण आहे. आता उघडली तर पाणी जाईल, घट्ट ते राहील. आठ महिने झाल्यावर तर राहीलच. हुकूम तिचा आहे, मोडता येत नाही.

ओमप्रकाशला फोनवर ही अडचण सांगितली. म्हटलं, निरुपाय आहे. तो म्हणाला, "साहेब, त्याच्यात काय? वरून पानी टाका. भरेपर्यंत टाका, दोन दिवस ठेवा, सारं नरम होते, मंग एका दमात खोला. सफा निघते."

म्हणजे नियम दोन पाळता येतो. मी फोन ठेवून बराच वेळ चिठ्ठीकडे बघत उभा राहिलो. माझ्याच बाजूचा कागद माझ्या विरुद्ध वाचला गेला.

२० ऑक्टोबर

रबरी नळी बसवली. ओमप्रकाश मूठ सोडून बाकी सगळीकडे हात लावत होता.

२४ ऑक्टोबर

अश्लेषाचा फोन. दिवाळीला येते. परतीची दोन तिकिटं काढली आहेत, एक तिचं आणि एक माझं. "झालं असेल तर तुमचं रद्द करू," म्हणाली. मी म्हटलं, तीसपर्यंत कळवतो.

"बाबा, हे कोर्ट नाहीये."

"माहीत आहे."

२६ ऑक्टोबर

मनकर्णा विहिरीवरून पाणी आणत होती आणि मी ओतत होतो. एकेक बादली. झडपेवर पाय ठेवून भांड्यातून सोडायचं, थांबायचं, दिव्याकडे बघायचं. तीन बादल्यांना पाऊणच. मला वाटलं दिवा बिघडला. मग लक्षात आलं, आठ महिन्यांत आतलं सुकून खाली बसलं असणार आणि दिवा तेवढा जुन्या खुणेला चिकटून राहिला. म्हणजे पाऊणसुद्धा खरं नव्हतं. मी जे रोज बघत होतो ते कधीच कमी होऊन गेलं होतं.

पाचव्या बादलीला 'भरली' लागला.

मनकर्णा म्हणाली, "झालं?" मी म्हटलं, दोन दिवस ठेवायचं आहे. ती म्हणाली, "ठेवा. पन दोनच."

२८ ऑक्टोबर

सकाळी नऊ वाजता उघडली.

मनकर्णाने आधी सेप्टिक टाकीच्या झाकणावर हळद-कुंकू वाहिलं आणि नारळ फोडला. मी म्हटलं, याला कशाला नारळ? "नव्या कामाले नारळ लागते," म्हणाली. जानरावला तिने कसलंसं काम काढून गावात पाठवलं होतं.

मी डब्याखाली गुडघे टेकले. मूठ गार होती. ओमप्रकाश म्हणाला तशी एका बोटाने सरकली. आधी काही नाही, मग नळी एकदम जड होऊन हलली, साप गिळताना हलतो तशी. मनकर्णा माझ्या शेजारी उकिडवी बसली होती. तिने माझा हात धरला. जावयाचा हात कोणी असा धरत नाही, पण तिने धरला आणि नळीचा आवाज चालू होता तोवर धरून ठेवला. दोन मिनिटं असेल, कमीच.

मग आवाज थांबला. मी मूठ आत ढकलली. नियम तीन. साबणाच्या टाकीची मूठ ओढली. ते शकुनचं अंघोळीचं पाणी, लोणारच्या शेवटच्या सकाळचं. तिच्या साबणाचा वास येईल असं मला उगाच वाटलं होतं. आला नाही. नुसता सडक्या पाण्याचा होता. तेव्हा मला रडू आलं. डब्याखाली, चिखल नसलेल्या जमिनीवर, भेगांवर हात टेकून रडलो. लोक खंबीर म्हणाले तो सगळा वेळ मला काय झालं होतं कोण जाणे. मला शकुन पाहिजे. ती मेली आहे आणि मला ती पाहिजे, आणि हे मी आत्तापर्यंत कुठेच म्हटलेलं नव्हतं.

मनकर्णा "रडा, रडा" म्हणाली. तीही रडत होती. मग पदर नाकाला लावून म्हणाली, "मायबाई, काय वास!" आणि आम्ही दोघंही हसलो.

३० ऑक्टोबर

अश्लेषा दुपारी आली. अमरावतीच्या स्टेशनवरून जानराव घेऊन आला. डब्याभोवती एक फेरी मारली, कर्दळीच्या ओट्यावर उभी राहिली, पाइपचा लवचीक सांधा पायाने हलवून बघितला. इंजिनिअर आहे. मग म्हणाली, "मी वापरून बघते," आणि आत गेली.

मी बाहेर पायरीवर बसलो.

मग आतून, "बाबा, हे आईचं अक्षर आहे."

"हो."

"एवढे महिने इथेच होतं?"

"हो."

बराच वेळ गेला. मी दार वाजवलं नाही. मग झडपेचा आवाज झाला आणि खाली पाणी पडल्याचा. ती बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते. मला वाटलं, विचारेल की काय राहिलं होतं, कसली तांत्रिक बाब. तिने विचारलं नाही. माझ्या शेजारी बसली, फोन काढला, आणि बराच वेळ काहीतरी शोधत राहिली.

"एक तिकीट रद्द केलं," ती म्हणाली. "थोडे पैसे कापले."

मी म्हटलं, कापू दे.

आत काळ्या टाकीचा एकही दिवा लागलेला नाही. चार दिवसांत पाव लागेल, असा माझा अंदाज आहे.